डोक्याचं माप

करुणाचं डोकं दुखायला लागलं ते दसरा-दिवाळी आटोपल्यावर. रोज दुखायचं, फक्त रविवारी नाही. डोकेदुखीपेक्षा तिला या रविवारचंच जास्त नवल वाटायचं.

ती वनरक्षक होती. साकोलीत, वनखात्याच्या कार्यालयाजवळ, भाड्याच्या खोलीत राहायची आणि रोज सकाळी मोटारसायकल काढून सानगडीच्या पलीकडच्या जंगलात आपल्या गस्तीच्या हद्दीत, बीटवर, जायची. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. वय बत्तीस, अंगानं काटक. उन्हाळ्यात वणवा विझवताना दिवसदिवस पाणी मिळालं नाही तरी तिचं कधी डोकं धरलं नव्हतं. आता मात्र गाडीवरून उतरली की कपाळ ठणकत असायचं, आणि दुपार झाली की आपोआप उतरायचं; संध्याकाळी परतल्यावर पुन्हा तेच.

घरमालकीण ताराबाई म्हणाली, "नजर लागली तुले. वर्दी घालून गाडीवर जाते, सारं साकोली पायते." तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. डॉक्टरांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डोळे ठणठणीत निघाले. बीटवर सोबत असणारा वनमजूर धर्मेंद्र म्हणाला, "थंडीचं वारं लागते मॅडम. हेल्मेटच्या आतून कपाळाले रुमाल बांधत जा."

तिनं रुमाल बांधला. त्या दिवशी दुखणं दुप्पट झालं.

दुसरी कोणी असती तर रुमाल फेकून देऊन मोकळी झाली असती. करुणा त्या रुमालापाशी अडून बसली. रुमालानं वारा अडतो, मग दुखणं कमी व्हायला हवं, वाढलं कसं? नऊ वर्षांच्या नोकरीनं तिला एक सवय लावली होती. जंगलात काही वेगळं दिसलं की आधी लिहून ठेवायचं, अर्थ मग लावायचा. तिनं खिशातल्या डायरीत डोकेदुखीची नोंद सुरू केली. किती वाजता निघाली, दुखणं कुठं सुरू झालं, कुठं थांबलं.

आठ-दहा दिवसांत एवढं कळलं की दुखणं जागेवर अवलंबून नाही. भरधाव गेलं तर ते सानगडी ओलांडल्यावर सुरू व्हायचं, धुक्यामुळं हळू गेलं तर सानगडीच्या अलीकडेच. पण निघाल्यापासून वीसेक मिनिटं झाली की हटकून यायचं. आणि हेल्मेट काढून दोन-तीन तास पायी फिरलं की जायचं. रविवारी तर ती गाडीच काढत नव्हती. आरशात पाहिलं तर कपाळाच्या मधोमध, केसांच्या जरा खाली, रुपयाएवढा लाल वण उमटलेला असायचा.

हेल्मेट दिवाळीलाच घेतलेलं होतं. संशय तिला आधीही आला होता, पण त्याचं निरसन तिचं तिनंच केलं होतं. भुवयांच्या वरून टेप फिरवून तिनं डोक्याचा घेर मोजला, तो सत्तावन्न सेंटीमीटर भरला. हेल्मेटच्या आतल्या चिठ्ठीवरही सत्तावन्न-अठ्ठावन्न असंच छापलेलं होतं. माप बरोबर, मग दोष हेल्मेटचा कसा? आणि विकणाऱ्यानं सांगितलंच होतं की नवीन आहे, महिनाभरात सैल होईल. एक दिवस अंबाडा सोडून तिनं खाली वेणी घालून पाहिली. मागून जरा मोकळं वाटलं, कपाळ होतं तसंच दुखलं.

उलगडा झाला तो जंगलातल्या एका बोडीच्या, लहानशा तळ्याच्या काठावर. पावसाळा सरून बोडीचं पाणी आटत आलं होतं आणि काठाच्या मऊ चिखलात वाघाच्या पंजाचे ठसे उमटले होते. दोन जनावरं येऊन पाणी पिऊन गेली होती. करुणानं पट्टी लावून मागच्या पायाचे ठसे मोजले. लांबी दोन्हींची सारखीच भरली.

"एकच जनावर दोनदा आलं का, भाऊ?" तिनं विचारलं.

धर्मेंद्र उकिडवा बसला. त्यानं काडीनं एका ठशाभोवती चौकट काढली, मग दुसऱ्याभोवती. "नाही मॅडम. लांबीवर नका जाऊ. हा पाहा, चौकोनात बसला. हा नर. अन् हा लांबट आहे, बाजूनं चेपलेला. मादी आहे ही. पट्टी दोघांले सारखीच लागते, घाट वेगळा."

हे करुणाला माहीत नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात शिकली होती, शेकडो वेळा पाहिलंही होतं. पण त्या सकाळी कपाळ ठणकत होतं आणि धर्मेंद्रचा तो शब्द तिच्या मनात घुमत राहिला. घेर सारखा, घाट वेगळा.

"भाऊ, झाडाले कॅमेरे बांधायची तार आहे का तुमच्याजवळ?"

धर्मेंद्रनं पिशवीतून मऊ तारेचं भेंडोळं काढून दिलं. बीटच्या चौकीत जाऊन करुणानं तार दुहेरी केली, भुवयांच्या वरून आणि कानांच्या वरून डोक्याभोवती नीट दाबून बसवली, टोकं पिळली आणि मुकुट उतरवावा तशी अलगद वर काढली. मग जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानावर ठेवून पेन्सिलीनं आतून रेघ मारली. चित्र उमटलं ते लांबट, अंड्यासारखं.

आता तिनं हेल्मेट उलटं केलं, दुसरी तार त्याच्या आतल्या गादीला टेकवून फिरवली आणि तीही त्याच कागदावर उतरवली. ही रेघ भाकरीसारखी गोल होती. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तेव्हा सगळं कागदावरच दिसलं. बाजूला, कानशिलाजवळ, बोट जाईल एवढी जागा मोकळी; आणि पुढं, जिथं लाल वण उमटायचा तिथं, तिचं कपाळ हेल्मेटच्या रेघेबाहेर गेलेलं.

"आता तुमचं द्या," ती धर्मेंद्रला म्हणाली.

"माहं डोकं?"

"बसा तर."

धर्मेंद्रचं डोकं निघालं गोल. त्यानं करुणाचं हेल्मेट घातलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि आतून त्याचा आवाज आला, "लय झकास बसलं मॅडम! मले तर उतरवावंसं नाही वाटून राहिलं."

करुणा हसली. गेला महिनाभर तिला आपल्या डोळ्यांचा, रक्ताचा, नशिबाचाही संशय आला होता. आणि दोष कुणाचाच नव्हता. हेल्मेट चांगलं होतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यासाठी बनलेलं होतं.

रविवारी ती तार पिशवीत घालून बसनं भंडाऱ्याला गेली. कारध्याचा पूल ओलांडून शहरात शिरलं की बाजाराच्या गल्लीत यादोराव यांचं हेल्मेटांचं दुकान होतं. यादोराव साठीचे, नाकावर चष्मा. त्यांच्या वडिलांचं इथंच कोशाच्या रेशमी कापडाचं दुकान होतं; गिऱ्हाईक कमी झालं तसे यादोराव हेल्मेटांकडे वळले.

"नंबर सांगा, ताई."

"सत्तावन्न. पण मले आधी खालून पाहू द्या."

"खालून?" यादोरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोक वरून पायतात. रंग, डिझाइन."

करुणानं पिशवीतून तार काढली आणि पहिल्या हेल्मेटमध्ये ठेवली. पुढं-मागं अडकली. दुसऱ्यात ठेवली, अडकली. तिसऱ्यात, चौथ्यात. काउंटरवर उलट्या हेल्मेटांची रांग लागली. यादोराव आधी वैतागले. "हे काय करून राहिल्या तुमी? दुकान उलटं करून ठेवलं." करुणानं कागद उलगडून दोन रेघा दाखवल्या आणि बोडीवरच्या ठशांपासून सगळं सांगितलं. यादोरावांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. वैताग कुठल्या कुठं गेला.

"बावीस वर्षं झाली विकून राहिलो," ते म्हणाले. "कधी कोणी परत येते, म्हणते टोचते. मी म्हणतो, सवय होऊन जाईल. सवय कायची होते? घालायचंच सोडून देत असतील लोक."

आता ते स्वतःच एकेक हेल्मेट काढून उलटं करून देऊ लागले. कंपनी वेगळी तसा आतला घाट थोडाथोडा वेगळा होता. नुसत्या नजरेला तो दिसत नव्हता, तार ठेवली की दिसायचा. चौदा हेल्मेटं झाली. मग यादोराव स्टुलावर चढले आणि अगदी वरच्या फळीवरून धुळीनं भरलेला खोका खाली घेतला.

"हे कोणालेच नाही चालत. कानशिलावर दाबते म्हणतात. दोन वर्षांपासून पडून आहे."

तार आत ठेवली. ती चारी बाजूंनी सारखी टेकली.

हेल्मेट पोपटी रंगाचं होतं. असा पोपटी की शेतात बुजगावण्याला घातलं तर पाखरं गावच सोडून जातील. करुणानं डोक्यात घातलं. गाल दोन्हीकडून चेपले गेले.

"घट्ट होऊन राहिलं गालाले."

"गालाले घट्टच पाहिजे," यादोराव म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. "गालाची गादी दबते पुढं जाऊन. कपाळाले मात्र कुठंच एका जागी टोचाले नाही पाहिजे." त्यांनी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं. "पाहा, कातडी सोबत सरकली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं का समजायचं सैल आहे." मग हनुवटीखालचा पट्टा लावून आत दोन बोटं घालून पाहिली आणि मागून वर ढकलून पाहिलं. हेल्मेट निघालं नाही. "अन् आता अर्धा तास इथंच बसा. घालून. तुमचं दुखणं वीस मिनिटांनी येते ना?"

करुणा हेल्मेट घालून, काच वर करून स्टुलावर बसली. आलेगेले तिच्याकडे पाहत. एका बाईनं तिला पुतळाच समजून हेल्मेटची किंमत विचारली आणि करुणा बोलली तशी दचकली. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. तिनं हेल्मेट काढून यादोरावांच्या आरशात पाहिलं. कपाळभर फिकट लाली होती, सगळीकडे सारखी. वण कुठंच नव्हता.

यादोराव खूष होऊन हेल्मेट पुसत होते, पण करुणाचं चित्त दुसरीकडे गेलं होतं. परत येऊन कुणी म्हणतं, टोचते. आणि आपण म्हणतो, सवय होईल. एका माणसाचं 'टोचते' तिनं स्वतःही असंच उडवून लावलं होतं. 

तिचे बाबा सोमाजी सानगडीला राहत. सदुसष्ट वर्षांचे. शेत घरापासून चार किलोमीटर, शिवाय आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवर भाजी बांधून साकोलीच्या बाजारात आणायचे. करुणानं त्यांना हेल्मेट घेऊन दिलं होतं, पण ते कायम हँडलला लटकलेलं. विचारलं की म्हणायचे, "टोचते." गेल्या पोळ्याला ती चारचौघांत त्यांच्यावर बरसली होती. "सारे बहाने आहेत तुमचे! जंगलातल्या रस्त्यावरून माणसं उचलून आणतो आमी, मले माहीत आहे डोकं फुटलं का काय होते!" शेजारी ऐकत होते. सोमाजी उठून गोठ्यात निघून गेले. तेव्हापासून ती घरी गेली की ते जेवणापुरतं बोलत.

बाप-लेकीचं डोकं सारखंच असणार, तिच्या मनानं घेतलं. त्यांनाही असाच वण पडत असणार, आणि आपण सगळ्यांदेखत त्यांना खोटं ठरवलं.

दुसऱ्या रविवारी ती सानगडीला गेली. सोबत तार होती आणि तिचं जुनं गोल हेल्मेट. म्हटलं, तुलनेला कामी येईल. आई मनकर्णाबाई अंगणात मिरच्या वाळवत होती. सोमाजी खाटेवर बसून दोर वळत होते.

"बाबा, जरा डोकं द्या."

"काहून?"

"माप घ्यायचं आहे. तुमाले टोचत होतं ना, ते खरंच असन. मीच चुकली."

सोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं तिला वाटलं होतं. तो दिसला नाही. उलट ते जरा कावरेबावरे झाले. पण डोकं त्यांनी पुढं केलं. तिनं तार बसवली, काढली, कागदावर ठेवली.

गोल. धर्मेंद्रपेक्षाही गोल.

करुणा कागदाकडे बघत राहिली. तिनं हँडलवरचं त्यांचं हेल्मेट आणून त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते मोठं होतं. तिनंच तेव्हा अंदाजानं घेतलेलं. मान हलवली की ते आतल्या आत फिरायचं, डोळ्यांवर यायचं. सैल म्हणून त्याला नावं ठेवता आली असती. पण टोचायला ते कपाळाला टेकतच नव्हतं.

"बाबा, हे कुठं टोचते?"

"असंच," सोमाजी म्हणाले. "टोचते."

मग तिनं आपलं जुनं हेल्मेट त्यांना घातलं. ते असं बसलं की जणू मोजून शिवलं असावं. हलवून पाहिलं, कातडी सोबत सरकली. मागून ढकललं, निघालं नाही.

"आता?"

"चांगलं आहे," सोमाजींनी कबूल केलं.

"कुठं दाबते?"

"नाही दाबत."

"मंग हे घालाल ना?"

"हाव," ते म्हणाले, आणि दोर वळायला लागले.

जेवणं झाल्यावर सोमाजी हेल्मेट घालून शेताकडे निघाले. मनकर्णाबाई कौतुकानं दारात उभी राहून पाहत होती. दोनेक मिनिटांनी करुणाही साकोलीला जायला निघाली. रस्ता तोच होता. तलावाच्या पाळीपाशी वळण घेतलं आणि तिला पुढं बाबांची गाडी दिसली. डोकं उघडं. हेल्मेट हँडलला.

पोळ्याच्या वेळची करुणा असती तर तिनं तिथंच हाक मारून आकाशपाताळ एक केलं असतं. पण आता तिला राग आला नाही. कोडं पडलं. टोचत नाही, दाबत नाही, सैल नाही. मग गावाबाहेर पडताच काढायचं कशासाठी? तिनं गाडी हळू केली आणि जंगलात एखाद्या जनावराच्या मागं राहावं तशी मागं राहिली.

तिनं हॉर्न वाजवला. सोमाजींनी मागं पाहिलं नाही. जवळ जाऊन पुन्हा वाजवला. तरीही नाही. ती त्यांच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकापर्यंत पोचली आणि "बाबा!" अशी हाक मारली. ते सरळ समोर बघत जात राहिले. तेव्हा तिनं गाडी उजवीकडून पुढं काढली. ती बाजूला आलेली दिसताच सोमाजी एवढे दचकले की गाडी डुगडुगली.

दोघंही पाळीवर थांबले. सोमाजींनी घाईनं हेल्मेट हँडलवरून काढलं आणि मांडीवर घेतलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. करुणा गाडीवरून उतरून त्यांच्या डाव्या अंगाला उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तलावाले पाणी आहे यंदा."

सोमाजी गप्प.

ती उजवीकडे आली. "तलावाले पाणी आहे यंदा."

"आहे ना," ते म्हणाले. "आपल्या धानाच्या बांदीले पुरते उन्हाळाभर."

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढं येत गेली. घरात खाट नेहमी भिंतीच्या त्याच बाजूला, उजवा कान दाराकडे राहील अशी. फोन आला की आईच्या हातात देणं. टीव्हीपुढं मान वाकडी करून बसणं. नऊ वर्षं ती वाकलेल्या गवतावरून जनावर कोणत्या बाजूनं गेलं ते सांगत होती, आणि घरातल्या माणसाची वाकलेली मान तिला दिसली नव्हती.

"कधीपासून, बाबा?"

 सोमाजींनी हेल्मेटची काच वर केली, खाली केली.

"राइस मिलमध्ये एकवीस वर्षं काढली," ते अखेर म्हणाले. "धान सोलायच्या हलरच्या मशिनीपाशी उभा राहत होतो. डावा कान मशिनीकडे. तो तवाच गेला. उजवा चालत होता, तोही आता दोन वर्षांपासून दगा देऊन राहिला. टोपा घातला का उरलंसुरलंही बंद होते. एक दिवस घालून गेलो होतो तू देल्ला तो. मागून टिप्पर आला. मले कळलाच नाही. बाजूनं गेला तवा वाऱ्यानं गाडी हेलकावली. अंगातलं रक्त आटलं माह्या. उघड्या डोक्यानं जेवढं तेवढं तरी कानावर येते."

"मंग सांगतलं काहून नाही? टोचते टोचते कायले म्हणत होते?"

"बहिरा झालो म्हटलं असतं, तर तू गाडी ठेवू देल्ली असती?" त्यांचा आवाज बारीक झाला. "गाडी सुटली का शेत सुटलं, बाजार सुटला. दिवसभर खाटेवर बसून मी काय करू, बाई?"

 तिनं गाडी काढूनच घेतली असती, हे खरं होतं. ती पाळीवर बसली, सोमाजीही शेजारी बसले. ती आपोआप त्यांच्या उजव्या बाजूला बसली. 

"पोळ्याले मी बोलली ते..." तिनं सुरुवात केली.

"ते ऐकू आलं होतं," सोमाजी म्हणाले. "मोठ्यानं बोलली होती तू."

आधी त्यांना हसू आलं, मग तिला.

त्याच आठवड्यात रजा टाकून ती त्यांना बसनं भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोमाजींनी वाटेत तीनदा विचारलं की डॉक्टर गाडीचं काही बोलतील का. डॉक्टर बाई होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी उजव्या कानात डोकावून पाहिलं आणि मळाचा असा खडा बाहेर काढला की सोमाजींनी तो हातावर घेऊन निरखून पाहिला. "हा माह्या कानात होता?" लगेच त्यांनी चमकून मागं पाहिलं, मागच्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करत होतं. डाव्या कानाबद्दल मात्र डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की मिलमध्ये गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही. यंत्र लावता येईल. सोमाजी म्हणाले, पाहू. करुणानं ताणलं नाही.

"अन् गाडी?" शेवटी सोमाजींनी स्वतःच विचारलं.

"उजव्या कानानं आता बरंच ऐकू येईल. हळू चालवा, हेल्मेट घाला," डॉक्टर म्हणाल्या, "आणि मागचं पाहायला आरसे आहेत ना गाडीला?"

बाप-लेकीनं एकमेकांकडे पाहिलं. आरसे नव्हते. सानगडीत कुणाच्याच गाडीला नव्हते. नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात आरसे काढून माळ्यावर टाकायचे, पिशव्या अडकतात म्हणून. सोमाजींचे तर माळ्यावरही सापडले नाहीत. साकोलीच्या मेकॅनिककडून करुणानं दोन नवे, रुंद आरसे बसवून घेतले. मग सोमाजींना गाडीवर बसवलं, हेल्मेट घालायला लावलं आणि स्वतः पाठीमागं रस्त्यावर लांबवर चालत गेली. "दिसते का?" ती हात हलवून विचारायची. दिसलं की सोमाजी हात वर करायचे.

पुढचा बाजार शनिवारी होता. सकाळी ताराबाईच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. करुणा बाहेर आली. सोमाजी हेल्मेट घातलेले, मागं वांग्यांची पिशवी बांधलेली. त्यांनी पट्टा सोडला, हेल्मेट काढलं आणि नमस्कार-चमत्कार काही न करता सांगितलं, "सानगडीपासून इथंवर मागून सात गाड्या आल्या. पाच आरशात दिसल्या. दोन आधी ऐकू आल्या."

"मोजत आले?"

"मंग! एक ट्रॅक्टर होता, त्याले मी आधीच जागा करून देल्ली. तो पाहतच राहिला."

ताराबाईनं चहा आणला. सोमाजींनी तो उभ्याउभ्याच प्यायला, बाजाराला उशीर होत होता. गाडीवर बसून हेल्मेट चढवताना ते थांबले आणि डाव्या आरशाकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यात माहा खांदाच दिसते. जरा फिरव बरं."

करुणानं आरसा थोडा बाहेर वळवला. सोमाजी मान न हलवता त्यात पाहत होते.

"अजून," ते म्हणाले. "अजून जरासा. हां, थांब. आता सडक दिसून राहिली."